ग्राउंडवर कोणी येत नाही

आमच्या कॉलेजच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये एरवी फारसं काही घडत नसे. वाढदिवसाचे केक, देवांचे फोटो, कुणाच्या तरी मुलीचा बारावीचा निकाल. पण उपनगरातल्या छोट्या कॉलेजांची फुटबॉल लीग सुरू झाली, की शनिवार दुपारपासून सगळे जागे व्हायचे. पन्नाशी ओलांडलेली, गुडघे धरून जिना उतरणारी माणसं पोरांसारखी भांडायची. बोरिवलीवाल्यांनी मुलुंडला हरवलं तर आपलं काय? घाटकोपरचा ड्रॉ झाला तर आपण वर जातो का? आपल्या कोचने त्या ढिल्या राइट बॅकला पुन्हा का उतरवला?

ह्या लीगबद्दल ओळसुद्धा पेपरात येत नाही. बघायला येतात ते खेळणाऱ्यांचे चार मित्र आणि ग्राउंडच्या भिंतीलगत रिक्षा लावून जेवणारे रिक्षावाले. आमचं कॉलेज तर अंधेरी पूर्वेला, कारखान्यांच्या गाळ्यांमागे, एका शाळेच्या वरच्या दोन मजल्यांवर. अंधेरीत जन्म काढलेल्यालाही ते ठाऊक नसतं. पण त्याच्या मागे लाल मातीचं पूर्ण मापाचं ग्राउंड होतं. आमच्याकडे मिरवण्यासारखी तेवढीच गोष्ट.

मी जवळच राहतो. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघतो, शनिवारी अर्धा दिवस. त्यामुळे मॅचला मी जायचो. खरं सांगायचं तर मॅचला फक्त मीच जायचो. टचलाइनजवळ उभा राहून फोनवर लिहायचो, "हाफ टाइम. शून्य-एक. आपली पोरं चांगली खेळतायत पण शेवटचा पास चुकतोय." ह्या एका वाक्यावर दुबईतला एक, पुण्यातले दोघे आणि बोरिवलीपासून सांताक्रूझपर्यंत पसरलेले बाकीचे संध्याकाळभर बोलायचे. शेवटचा पास का चुकतो, तो आमच्या वेळी का चुकत नसे, तो कुणी द्यायचा असतो. पास पाहिलेला माणूस मी एकटा, पण मला कोणी विचारत नसे. मी स्कोअर सांगायचा, मत त्यांनी मांडायचं, अशी वाटणीच पडली होती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मजा यायची.

ग्रुपचा जीव म्हणजे आमचा लेफ्ट विंगर, डाव्या कडेने धावणारा. आमच्या टीममध्ये सगळ्यांत चांगला खेळायचा तो, आणि पुढे सगळ्यांत जास्त कमावलंही त्यानेच. आधी फ्लॅटची गिऱ्हाइकं जमवायचा, मग स्वतःच इमारती बांधायला लागला. घाटकोपरला मोठं ऑफिस. पण शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन ठरलेला.

"बोल. तो नवीन पोरगा कसा आहे रे, सात नंबरवाला?"

"पाय चांगले आहेत. मान वर करून बघत नाही."

"मीपण नाही बघायचो. शिव्या खाऊन शिकलो."

असं आमचं बराच वेळ चालायचं. बायको म्हणायची, तू माझ्याशी आठवडाभर बोलत नाहीस तेवढं ह्याच्याशी एका फोनवर बोलतोस. ते खोटं नव्हतं. त्याला खेळ कळायचा, आणि मला वाटायचं की त्याला मी कळतो.

आमचा गोलकीपर मात्र काही वर्षांपूर्वी गेला होता. मालाडच्या पुढे, खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातला. शिकला आमच्याबरोबर, पण पोट भरलं बोटीवर. एके सकाळी बोटीवरून घरी आला, चहा मागितला आणि चहा यायच्या आधी बसल्या जागी संपला. त्याचा नंबर ग्रुपमध्ये तसाच राहिला. काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. एकाने तर त्याच्या वाढदिवसाला त्याला केकही पाठवला होता.

गेल्या सीझनच्या शेवटच्या वीकेंडची गोष्ट. शनिवारी आमची मॅच बोरिवलीच्या कॉलेजशी. आमची नऊच पोरं आली. नियमात बसतं म्हणून मॅच झाली आणि आम्ही पाच-शून्य हरलो. नऊ जणांनी शेवटपर्यंत धावून धावून जीव काढला. मी ते तसंच लिहिलं.

ग्रुप पेटला. "नऊ? लाज वाटत नाही ह्यांना?" "आजची पिढी फोनमध्येच मेली." "मी एकशे दोन तापात खेळलोय, विचारा कुणालाही." हे एकशे दोनवालं मी दर सीझनला वाचत आलोय. तो त्या दिवशी खेळला नव्हता, बाहेर बसला होता. पण असू दे.

मी लिहिलं, "उद्या आपल्या ग्राउंडवर मुलुंडशी शेवटची मॅच आहे. हरलो तर तळाला जाऊ. पोरं एकटी पडलीयत. एकदा तरी सगळे या ना."

मग अंगठ्यांचा पाऊस पडला. येतो, नक्की येतो, बायकोला सांगितलंय, मुलालाही आणतो. सगळ्यांत मोठा मेसेज विंगरचा. "उद्या कारणं चालणार नाहीत. सगळ्यांनी ग्राउंडवर. आपल्या मागे कोण उभं आहे ते पोरांना कळलं पाहिजे." तो वाचून, खरं सांगतो, माझे डोळे भरले.

रविवारी मी लवकर गेलो. गेटजवळच्या टपरीवाल्याला सांगून ठेवलं की आज आपली माणसं येणार आहेत, चहा जास्त टाक. तोही बिचारा खूश. पोरं आली. आज अकरा होती, कॅप्टनने घरोघरी जाऊन गोळा केली होती. मॅच सुरू व्हायची वेळ झाली. आमच्यापैकी कोणी नाही.

तेवढ्यात गेटपाशी रिक्षा थांबली आणि एक बाई उतरल्या. गडद हिरवी साडी, हातात पिशवी. सरळ माझ्याकडे आल्या.

"ग्रुपवर स्कोअर लिहिता ते तुम्हीच ना? हे गेले तेव्हा तुम्ही आला होता."

गोलकीपरची बायको. "वहिनी, तुम्ही इकडे कशा?"

"ह्यांचा फोन मी बंद नाही केला. मासळीची गिऱ्हाइकं त्याच नंबरवर बोलतात. तुमचं शनिवार-रविवारचं सगळं येतं त्यावर. मला खेळातलं कळत नाही, पण वाचते. काल बघितलं, सगळे येणार म्हणून. म्हटलं, ह्यांचे दोस्त एकत्र भेटतील, आपणही जाऊ." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "कुठे आहेत सगळे?"

"येतील. ट्रॅफिक असेल."

"रविवारचा?" त्या म्हणाल्या. मी टपरीकडे बघितलं.

आम्ही दोघं लाइनीवर उभे राहिलो. टपरीवाल्याने आणून दिलेला चहा त्यांनी घेतला. आमचा गोली कोणता ते विचारलं आणि मग मॅचभर त्याच्याकडेच बघत राहिल्या. बॉल पलीकडच्या टोकाला असला तरी. "हा पोरगा बोलत नाही काही," मध्येच म्हणाल्या. "हे तर खेळताना ओरडून घसा बसवून यायचे ना?" मी म्हटलं, हो, आमच्या टीममध्ये सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच.

आणि आम्ही जिंकलो. दोन-एक. त्या सात नंबरवाल्याने मान वर करून बघितलं आणि दुसरा गोल करून दिला. पोरं लाल मातीत लोळत होती. मी लिहिलं, "जिंकलो." लगेच नाचणारे, पेटणारे, झेंडे फडकवणारे मेसेज. त्यांच्या मधूनमधून कारणं. पाहुणे आले, पाठ धरली, निघालोच होतो. आणि विंगरचा, "सांगितलं होतं ना, मागे उभं राहिलं की पोरं खेळतात."

मी फोन खिशात टाकला. कॉलेजचे क्रीडाशिक्षक आमच्याजवळ येऊन उभे होते. कंत्राटावरचा तरुण माणूस, ती नऊची अकरा करण्यात त्याचेही जोडे झिजलेले.

"साहेब, तुम्ही नेहमी येता म्हणून सांगतो. पोरांना अजून बोललो नाही. पुढच्या वर्षी टीम नाही."

"म्हणजे?"

"ग्राउंडवर टर्फ होतंय. नकली गवताचे चार छोटे जाळीचे पिंजरे, लाइट वगैरे. तासावर भाड्याने देणार. पूर्ण मापाचं ग्राउंडच राहणार नाही तर टीम कुठे ठेवणार? मोजमापासाठी म्हणून दोन महिने प्रॅक्टिसला बंदी होती, म्हणून तर काल नऊ आली."

"ठरवलं कुणी?"

"कॉलेजच्या कमिटीने. सीझन सुरू व्हायच्या आधीच ठरलंय." तो थोडा अडखळला. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं होतं. कमिटीवर तुमच्याच बॅचचे आहेत ना, ते घाटकोपरचे बिल्डर. कल्पना त्यांचीच."

वहिनी ऐकत होत्या. शिक्षक गेल्यावर त्यांनी विचारलं, "सगळ्यांनी या म्हणून मोठं लिहिलं होतं, तोच का हा?"

मी हो म्हटलं. त्यांनी पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. तळलेली मांदेली होती. जास्तच होती, बरीच माणसं येतील म्हणून केलेली. आम्ही तो डबा पोरांना दिला.

सोमवारी मी हाफ डे टाकून घाटकोपरला गेलो. विंगर मला बघून खूश झाला. उठून मिठी मारली, थंड काय घेणार म्हणाला.

"टीम बंद होतेय हे तुला माहीत होतं?"

त्याने दार लावून घेतलं. "आधी बस. बस ना यार."

"माहीत होतं का नव्हतं?"

"होतं. अरे, कॉलेजकडे पंखे बदलायला पैसे नाहीत. ते ग्राउंड वर्षभर नुसतं पडून असतं. आणि खेळायला पोरं कुठे आहेत? तूच लिहिलंस, नऊ आली."

"ग्राउंड बंद ठेवलं म्हणून नऊ आली."

"तू भावनिक होतोयस."

"मग दर शनिवारी तो पोरगा कसा आहे, हा पोरगा कसा आहे, हे काय होतं? पुढच्या वर्षी कोण कुठे खेळेल, हेसुद्धा बोललास माझ्याशी. परवा सगळ्यांना ग्राउंडवर बोलावलंस."

तो माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर लाज असती तर मला बरं वाटलं असतं. तो गोंधळला होता. मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र का करतोय, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"ते वेगळं रे," तो म्हणाला. "हा धंदा आहे. ते आपलं आहे. शनिवारी तुझ्याशी बोललो की मला आठवडाभर बरं वाटतं. खोटं नाही सांगत."

तो खोटं सांगत नव्हता. तेच मला सहन झालं नाही. त्याने फसवण्यासाठी नाटक केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. आणलेलं सरबत तसंच ठेवून मी निघालो. लिफ्टपर्यंत तो सोडायला आला. पाठीवर हात ठेवला होता.

त्या दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. कोणी, कधी, काय ठरवलं. मग एकाने लिहिलं, "ग्रुपवर पॉलिटिक्स नको." दुसऱ्याने, "दुसरी बाजूही ऐकून घ्यायला हवी." तिसऱ्याने, "टर्फची आयडिया झकास आहे. माजी विद्यार्थ्यांना सवलत मिळेल का?" त्याला बरेच अंगठे पडले. विंगरने हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं, "तुमच्यासाठी फ्री रे."

त्यानंतर थोड्या वेळाने मेलेल्या गोलकीपरच्या नावाने मेसेज आला. "मी रविवारी आले होते. तुम्ही कोणी नव्हता." एवढंच. खाली ओळ उमटली, की तो नंबर ग्रुपमधून बाहेर पडला.

कोणीतरी विचारलं, "हे कोण बोललं?" मी सांगितलं. मग एकदोघांनी हात जोडलेले पाठवले. दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस होता, केक आला.

मी ग्रुप सोडला नाही, पण लिहिणं सोडलं. निदान कुणी कारण विचारेल असं वाटत होतं, नंतर तेही वाटेनासं झालं. शनिवार-रविवारी ते आता परदेशातल्या क्लबांवर भांडतात. तिथला स्कोअर सांगायला माझी गरज नाही. लाल मातीवर हिरवी चटई पडली, जाळ्या आल्या. संध्याकाळी आसपासच्या ऑफिसांतली मुलं गाड्यांतून येऊन तासभर खेळतात. आमच्या बॅचचं गेट-टुगेदर तिथे झालं, फोटो ग्रुपवर आले. विंगर अजून डावीकडूनच धावतो. पोट सुटलंय, तरी त्याचा पहिला टच बघत राहावा असा आहे. त्याचा फोन दोनदा आला होता. मी उचलला नाही. तिसऱ्यांदा आला नाही.

वहिनी मालाडच्या मार्केटात बसतात. मी एकदा मुद्दाम गेलो. त्यांनी बोंबील निवडून दिले, घरच्यांची चौकशी केली. मग पैसे परत देताना म्हणाल्या, "हे नेहमी सांगायचे, मला काही झालं तर माझी टीम आहे. बरं झालं, हे नव्हते त्या दिवशी." मागे गिऱ्हाईक उभं होतं, मी बाजूला झालो.

ह्या सीझनला लीग आमच्याशिवाय सुरू झाली. एका रविवारी राहवलं नाही म्हणून मुलुंडला गेलो आणि दोन परक्या कॉलेजांची मॅच बघत उभा राहिलो. शेजारी माझ्याच वयाचा एक गृहस्थ एकटाच उभा होता. मुलुंडवाल्यांचा चाहता, फोनवर काहीतरी टाइप करत होता. माझं कॉलेज कुठलं ते त्याने विचारलं. मी सांगितलं.

"ते बंद झालं ना?"

"कॉलेज आहे. टीम बंद झाली."

"गेल्या वर्षी आम्हाला हरवलं होतं तुम्ही," तो म्हणाला आणि पुन्हा टाइप करायला लागला. त्याचे लोक कुठे आहेत, हे मी त्याला विचारलं नाही. हाफ टाइमला मी घरी निघालो.