वाट्याचा नफा, एका मांदेलीचा तोटा

नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार, अकरा वर्षांपूर्वीचा. हजर: दादा, वहिनी आणि मी. ठिकाण: अलिबागजवळचं दादाचं घर.

आज कपाट आवरताना तेव्हाची वही सापडली. पानावर तळलेल्या मांदेलीच्या तेलाचा डाग अजून आहे.

त्या पानावर मी शेअरच्या फ्यूचर्सचा हिशेब मांडला होता. एका लॉटमध्ये पाचशे शेअर. भाव दहा रुपये वाढला तर नफा पाच हजार. शेजारच्या रकान्यात, दहा रुपये पडला तर तोटा दहा. पाचशेने गुणायचं राहून गेलं होतं. पैसे वहिनीचे, होडीच्या नव्या इंजिनासाठी मासळी विकून साठवलेले.

वहिनी बाजारात मांदेली वाटे लावून विकायची. ताट ठेवता ठेवता तिने वहीत पाहिलं.

"भावजी, नफा अख्ख्या वाट्याचा न् तोटा एकाच मांदेलीचा? ह्यो कसला हिशोब?"

चूक मला त्याच क्षणी दिसली. पण दादा कौतुकाने माझ्याकडे बघत होता. मी हसून म्हणालो, "वहिनी, हा मासळीबाजार न्हाय." दादाही हसला. ती ओशाळली, आत गेली आणि पैशांचा डबा घेऊन आली.

महिन्याभरात सगळे पैसे बुडाले. "बाजारच पडला, भावजी काय करनार?" असं ती आजही लोकांना सांगते.

मी दर रविवारी कामांची यादी करतो आणि संध्याकाळपर्यंत खुणा करून संपवतो. एकच ओळ दर वेळी पुढच्या यादीत उतरवावी लागते: वहिनीला सांगणे, हिशेब तुझा बरोबर होता.