गुंगीशिवाय एंडोस्कोपी

दोन महिने पोटात आग पडत होती. एका सकाळी शौचाला काळी झाली, तेव्हा मात्र मी घाबरलो. नारायण पेठेतल्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी सांगितली. मी हिंजवडीत नोकरीला, आईबाबा वाशीमला. त्यांना काही कळवलं नव्हतं. सोबत येणार असलेल्या रूममेटला ऐनवेळी ऑफिसातून निघता आलं नाही.

बरोबर कोणी नाही म्हटल्यावर सिस्टर म्हणाल्या, मग गुंगीचं इंजेक्शन देता येणार नाही. दुसरी तारीख घ्या, नाहीतर जागेपणी करून घ्या. शेजारी एक काकू बसल्या होत्या, त्यांचे यजमान आत होते. यांच्या सोबतीची म्हणून मीच सही करते, त्या म्हणाल्या.

"हे आपले कोण?" सिस्टरनी विचारलं.

खोटं बोलणं काकूंना जमलं नाही. "कोणी नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या तारखेपर्यंत कळ काढायचा धीर माझ्यात नव्हता.

घशात कडू फवारा मारला. थुंकी गिळली जातेय की नाही तेच कळेना. मला डाव्या कुशीवर निजवलं, दातांत प्लास्टिकचं कडं बसवून पट्टीने मागे बांधलं. आता आपल्याला बोलता येणार नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

"गिळा," डॉक्टर म्हणाले. मी नळी गिळली आणि सगळं अंग ढवळून निघालं. उमाशांवर उमासे येत होते, पोटात काहीच नव्हतं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, सगळं उशीवर. नाकाने श्वास घ्या, विरोध करू नका, असं डॉक्टर सांगत होते. मी विरोध करतच नव्हतो. शरीर मला न विचारता झटके देत होतं.

थांबवा, एवढंच सांगायला मी हात वर केला. सिस्टरना वाटलं, आधार हवाय. त्यांनी तो हात धरला. मला नळी बाहेर हवी होती. तरी मी तो हात सोडला नाही.

"अजून एक तुकडा," डॉक्टर म्हणाले.

नळी निघाल्यावर त्यांनी सांगितलं, जठरात अल्सर आहे, तुकडे तपासणीला पाठवतो. कॅन्सर तर नाही ना, असं मी विचारलं. पण घसा बधिर होता, शब्द बोबडे निघाले. "रिपोर्ट आल्यावर बोलू," ते म्हणाले.

बाहेर आलो तोच आईचा फोन. "जेवला का बाबू?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. आवाज असा का, तर सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

आठ दिवसांनी कंपनीच्या बसमध्ये असताना रिपोर्ट मोबाइलवर आला. तीनदा वाचला, तरी त्यातलं चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं ते उमगेना. डॉक्टर फोन उचलत नव्हते. बस वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती. शेजारचा कानात गाणी लावून झोपला होता. तासाभराने डॉक्टरांचा फोन आला. कॅन्सर नाही, पोटात जंतू आहेत, दोन आठवडे गोळ्या घ्या, एवढं सांगून त्यांनी ठेवून दिला. मी बराच वेळ फोन कानालाच धरून बसलो.