कर्नलसाहेबांचे सात

कालवण चाखलं की कर्नलसाहेब आकडा सांगायचे. नऊपैकी. गास गावात त्यांच्या घरी मी सहा वर्षं स्वयंपाक केला. बहुतेक वेळा पाच किंवा सहा मिळायचे. पहिल्यांदा सात मिळाले तेव्हाही मी हिरमुसले, तर म्हणाले, "बाय, सात म्हणजे चांगलं. नऊ दिले की पुढं चढायला पायरी उरत नाही."

सैन्यातही हाताखालच्यांच्या कामाला ते असेच आकडे लिहायचे. "बाकीचे साहेब नऊ वाटत सुटायचे, नाताळच्या करंज्यांसारखे," असं हसून सांगायचे.

एका दुपारी कदम नावाचे गृहस्थ आले. पूर्वी साहेबांच्या हाताखाली मेजर होते. मी चहा ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"सर, तुम्ही मला सात दिले होते."

"चांगले होते ते, कदम."

"तुमच्या लेखी. वरच्यांनी बाकीच्यांचे नऊ पाहिले आणि मला बढतीतून गाळलं. दोनदा." त्यांनी शिफारशीचा एक छापील कागद पुढे सरकवला. "गोखिवऱ्याच्या कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची जागा आहे. वर्षभर घरी बसलोय. आज तरी नऊ लिहा."

साहेबांनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ओट्यापाशी मी बघत उभी. शेवटी त्यांनी लिहिलं. सगळीकडे नऊ.

कदमांनी कागद वाचला. "हे खरे आहेत, सर?"

साहेबांनी पेन मिटलं. कदम निघून गेले. चहा तसाच.

कदमांना नोकरी लागली. पण त्या दिवसापासून साहेब मला रोज नऊ द्यायला लागले. करपलेल्या चपातीला नऊ. पातळ वरणाला नऊ. माझे हात चुकायला लागले. एकदा कालवणात मीठच विसरले.

"नऊ," साहेब म्हणाले. माझ्याकडे न बघता.

इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे मी कधी आवाज काढला नव्हता. "साहेब, मीठ नाही त्यात. खरं सांगा."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आता कामावरून काढतात.

"चार," ते म्हणाले. "मीठ आण, बाय."

गेल्या पावसाळ्यात साहेब गेले. मिस्साची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या आवारात जो तो सांगत होता, असा माणूस पुन्हा होणे नाही, एक दोष दाखवा. मला दोन-तीन ठाऊक होते. मी कोपऱ्यात उभी राहिले आणि मनातल्या मनात त्यांना आकडा सांगितला.

सात.