नवसाचं पथ्य

लढाई सुरू होती. आमचे हे पलटणीत. रजा संपवून सातारा रोडच्या स्टेशनावरून गेले, ते पुढं समुद्रापलीकडं. त्यांना गाडीत बसवून घरी आलो आणि सासूबाईंनी परड्यातली मटणाची भांडी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. "माजा ल्योक घरी येस्तवर हितं वशाट शिजायचं न्हाई," त्या म्हणाल्या. मला कुणी विचारलं नाही. सुनेला कोण विचारतं?

लग्न झाल्यापासून माझ्या पोटात आग असे. यात्रेचं जेवण झालं की दुसऱ्या सकाळी मी गोठ्यामागं ओकत बसलेली. वैरणीचा भारा उचलला की डोळ्यांपुढं अंधारी यायची. वैद्याच्या पुड्या झाल्या, देवऋषी झाला. माझं माहेर सांगलीकडचं. तिथली शेजारची जैन आजी म्हणायची, वशाट सोडून बघ. पण आमच्या मराठ्यांच्या घरात सुनेनं असलं काही बोलायची सोय नव्हती.

आता भाकरी, झुणका, ताक यांवर दोन-चार महिन्यांत पोट निवलं. झोप लागायला लागली. भारा एकटीनं डोक्यावर घेऊ लागले, चोळ्या दंडात घट्ट झाल्या. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटायचीच चोरी झाली होती. विहिरीवर एक बाई तोंडावरच म्हणाली, "दादला लढाईवर, अन् ही बगा कशी भरलीया!" मी घागर उचलून चालू लागले. नवरा नाही म्हणून नव्हे, मटण नाही म्हणून, हे कुणाला पटलं असतं?

सासूबाई मात्र वाळत चालल्या. एकच चूल, एकच अन्न. एकदा वाढता वाढता त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुला मानवलं." काय मानवलं ते बोलल्या नाहीत. ते माझ्या जिवाला फार लागलं.

मग तार आली.

आमच्याकडं तेराव्यानंतर पाहुणे येऊन बकरं कापतात, दुःखातल्या माणसांना आग्रहानं घास भरवतात, तेव्हा दुखवटा संपतो. माझा भाऊ आला. माळ्यावरची भांडी खाली आली. पहिला घास सासूबाईंनी घेतला, डोळे मिटून, काढा घ्यावा तसा. मग ताट माझ्यापुढं. घास घेतला की नवस मोडणार, आणि नवस मोडला की हे परत येणार नाहीत, असं माझ्या खुळ्या मनानं धरलं होतं. तार येऊनसुद्धा. नाही म्हणावं, तर बाया म्हणणार, हिला अजून तब्येतीचीच पडलीया.

"खा गं बाई," भाऊ म्हणाला.

मी खाल्लं. ताट पुसून खाल्लं.

सकाळी पोटात भडका उडाला. खरं सांगते, मला समाधानच वाटलं. आता तरी मी नवरा गेलेल्या बाईसारखी दिसेन! इतक्या दिवसांत धड रडता आलं नव्हतं, ते गोठ्यामागं ओकता ओकता रडू फुटलं. सासूबाई मागून आल्या आणि पाठीवरून हात फिरवत बसल्या.

"वशाट सोड, पोरी," त्या म्हणाल्या.

"आत्ती, आता कुणासाठी?"

"तुज्यासाठी. तू तरी ऱ्हा."

आजवर त्या घरात जे काही सोडलं, ते यांच्यासाठी सोडलं होतं. सासूबाईंच्या तोंडून 'तुज्यासाठी' आलं, तेव्हा मला कळलं, हे आता येणार नाहीत.