सिंगापूर, साडेपाच तास

दादा सिंगापूरला नोकरीसाठी निघाला तेव्हा आईने एकच विचारलं, "किती लांब हाय रे?" सातपूरच्या कारखान्यात मशिनवर काही वर्षं काढलेला माझा थोरला भाऊ सरळ सांगून मोकळा झाला, "मुंबईपासून चार हजार किलोमीटर." आईचा चेहरा पडला. मग त्याने घाईघाईने सावरून घेतलं, "अगं, विमानाने साडेपाच तास. आपल्याला एसटीने कोल्हापूरला जायला याहून जास्त लागतात."

हे वाक्य आईने जिवाशी धरलं. वडील गेल्यापासून घरात आम्ही तिघंच होतो, आता दोघीच उरलो. शेजारच्या काकू हळहळायला आल्या की ती ऐटीत म्हणायची, "परदेश कसला? कोल्हापूरपरीस जवळ हाय." दिंडोरीकडची तिची बोली नाशकात इतकी वर्षं राहूनही सुटली नव्हती. मी मात्र चिडायचे. आपल्याकडे अंतर तासांत सांगतात आणि त्यात फक्त प्रवासाचा वेळ धरतात. सुट्टी मागणं, तिकीट मिळवणं, विमानतळावर आधी जाऊन बसणं, मुंबईहून नाशिक गाठणं, हे कोण मोजणार? पण हे बोलले की ती फटकारायची, "तुला मेलीला माझं सुख बघवत नाय." दादा दोन वर्षांतून एकदा यायचा, तरी तिच्या हिशेबाला धक्का लागला नाही.

मग तिचं हृदय थकलं. दवाखान्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. मी फोनचं नाव काढताच तिने माझा हात धरला. "उगा घाबरवू नको त्याला. लागलंच तर साडेपाच तासांत यील." दोन दिवस तिने मला फोन करू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी श्वास फारच लागला, तेव्हा मी तिला न विचारता बाहेरच्या बूथवरून फोन केला. "निघतोच," दादा म्हणाला. आत येऊन मी तिला सांगितलं, "निघाला."

ती एवढी खूश झाली की मला रडू आवरेना. दिवसभर ती दाराकडे बघत होती. दुपार कलल्यावर म्हणाली, "झाले ना गं साडेपाच? कसा नाय आला?"

तो कुठे आहे ते मलाही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "विमान कधीच उतरलं. कसारा घाटात गाड्या अडकल्यात."

तिने सुटकेचा श्वास सोडला. घाट तिच्या ओळखीचा होता. "ट्रक आडवा झाला आसंल. यील मग. माझी येणी घाल, आसं बघून भिईल तो."

मी तिचे केस विंचरले. वेणी घालता घालता ती गेली. मला वाटलं, झोप लागली.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. त्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं, बराच वेळ उचललं नाही. मग मला विचारलं, "मी येतोय हे कळलं होतं तिला?"

"हो. तू घाटापर्यंत आलायस असं वाटत होतं तिला."

"कधी?"

"काल दुपारी."

"काल दुपारी मी तिकिटासाठी रांगेत उभा होतो गं," तो म्हणाला.