आप्पांचं फ्लिप कव्हर

आठवीच्या वर्गाला प्रकाशाचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय. प्रकाश वस्तूवर पडतो, तिथून परततो, म्हणून वस्तू असल्याचं कळतं. मुलं माना डोलावतात, त्यांच्याबरोबर मीही डोलावते. एवढं शिकवणाऱ्या बाईला हा धडा समजायला मात्र वडिलांच्या मोबाइलचं तपकिरी कव्हर लागलं, आणि तेही कॉलेजात जाणाऱ्या लेकीने समजावून दिल्यावर.

कव्हर मीच आणलं होतं, मेन रोडवरच्या दुकानातून, भरपूर घासाघीस करून. माझे वडील, म्हणजे आप्पा, नांदगावला एकटे राहतात. रेल्वेत स्टेशनमास्तर होते. निवृत्त होऊन जमाना झाला आणि आई गेल्यापासून घरात फक्त ते आणि भिंतीवरचं घड्याळ. फोन त्यांच्या हातातून सारखा निसटायचा, म्हणून मी पुस्तकासारखं उघडमीट होणारं फ्लिप कव्हर बघितलं. खाली बोलण्यासाठी भोक, वर ऐकण्यासाठी भोक, आत बसचा पास ठेवायला कप्पा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बिनधास्त." मीही बिनधास्त.

आप्पांचं फोनवरचं बोलणं तारेसारखं. "हॅलो. बोल. बरंय. जेवलो. ऊन आहे. ठेवतो." खलास. यामागे त्यांची नोकरी होती. त्यांच्या काळी कंट्रोलच्या फोनवर सगळी स्टेशनं एकाच लाइनवर असायची. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी गुपचूप ऐकायचं. त्यामुळे फोनवर मनातलं बोलायचं नसतं, ही त्यांची शिस्त. "कुणी मधेच रिसीव्हर उचलून कान लावला ना, की आवाज जरा बारीक पडतो. लगेच कळतं," असं ते आम्हाला लहानपणी सांगायचे. वडिलांच्या गोष्टी जशा ऐकतात तशीच मी ही ऐकली होती, अर्ध्या कानाने.

मला एकच घोर होता. आप्पा एकटे कुठेतरी पडतील आणि कुणाला कळणारही नाही. म्हणून प्रत्येक फोनला माझं पालुपद ठरलेलं, "आप्पा, नाशिकला या ना राहायला." आणि त्यांचं उत्तर ठरलेलं, "नको." आता आमच्या घराण्यात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणतच नाही. पोळी हवी असली तरी आधी ताटावर आडवा हात घालायचा, दुसऱ्यांदा मान हलवायची, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की "बरं, अर्धी वाढ" म्हणत अख्खी खायची. मला या नाटकाचा लहानपणापासून भयंकर राग. हवं असेल तर हो म्हणावं, नको असेल तर नको म्हणावं, असं वर्गातही सांगते.

तर नवं कव्हर घातल्यानंतरचा पहिलाच फोन. मी विचारलं, त्यांनी नको म्हटलं, "ठेवतो" म्हणाले आणि कव्हर मिटल्याचा टप्प असा आवाज आला. मी माझ्याकडचं बटण दाबणार, तेवढ्यात फोनमधून आप्पांचाच आवाज आला, "या भाऊ, चहा टाकतो." शेजारचे काका आले होते. रोज संध्याकाळी येतात. आप्पा त्यांना भाऊ म्हणतात.

कुणीही शहाण्या माणसाने "आप्पा, फोन चालू राहिलाय" म्हणून ओरडायला हवं होतं. मी तोंडावर हात ठेवला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

काय सांगू, तारेसारखं बोलणारा माझा बाप काकांपुढे नदीसारखा वाहत होता! नव्या पोस्टमनपासून मनमाडच्या जुन्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या नकला चालल्या होत्या. मी इतकं हसू दाबलं की माझ्या कानात दडे बसले.

लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, फोनच्या वरच्या कडेला बारीक सेन्सर असतो. समोर काही आलं की त्याला वाटतं, कान आला. मग तो स्क्रीन बंद करतो, गालाने भलतं बटण दाबलं जाऊ नये म्हणून. आजोबा कव्हर मिटतात आणि फोनला वाटतं, तो अजून त्यांच्या कानालाच आहे. लाल बटण दाबल्याशिवाय कॉल कट होत नाही. आणि हे सगळं प्रकाश परततो त्यावरून कळतं हं त्याला. तुझ्याच धड्यातलं आहे."

"असं होय," मी म्हटलं.

"त्यांना सांग, बटण दाबत जा म्हणून."

"सांगते की," मी म्हटलं. आणि सांगितलं नाही.

मागच्या बाकावरची कुजबुज पकडणारी बाई म्हणून शाळेत माझी ख्याती आहे. चोरून ऐकणं हा किती वाईट संस्कार, यावर मी पालकसभेत घसा कोरडा केलेला आहे. तीच मी रोज संध्याकाळी कुकर चढवून, फोन कानाला चिकटवून, ओट्यापाशी श्वास रोखून उभी. कुकरची शिट्टी झाली की फोनवर पंजा दाबायचा, एवढीच माझी अक्कल. त्या नादात वरण किती वेळा लागलं याची गणती नाही. आमचे हे एकदा म्हणाले, "बापलेकीचं एवढं काय चालतं गं? तू तर काही बोलतच नाहीस."

"आप्पा बोलतायत," मी म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

एकदा काकांचा आवाज आला, "पाय कसा हाय आता? मोरीत घसरले ते लेकीला सांगितलं का नाय?"

"नाही हो. उगाच घाबरेल."

आप्पा पडले होते. आणि मला "बरंय, जेवलो, ऊन आहे" ऐकवून मोकळे झाले होते. पण कळलं कसं हे सांगायची सोय नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी मोरीत घालायचं रबरी पायपुसणं आणि गुडघ्याला लावायचं तेल कुरियरने पाठवलं. संध्याकाळी कव्हर मिटल्यावर आप्पा काकांना म्हणाले, "बघा, न सांगता कळलं तिला." काका म्हणाले, "लेकीला कळतंच वो. रक्ताचं हाय." पुढे आप्पांनी बाजारातून जिलबी आणल्याचं ऐकलं, की मी फोनवर साखर तपासायची आठवण करायची. चष्म्याची काडी तुटल्याचं ऐकलं, की नवा चष्मा करायचा विषय काढायची. नांदगावच्या त्या आळीत मला जवळजवळ देवत्व आलं. मलाही ते हळूहळू पटायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू.

पण चोरून ऐकणाऱ्याला फक्त कौतुक ऐकू येईल, अशी सोय कुठल्याच कव्हरात नसते. एका संध्याकाळी काका म्हणाले, "जा की नाशिकला. लेक एवढं बोलावती."

आप्पा म्हणाले, "तिच्याकडे गेलो तर काय होईल सांगू? सकाळी प्रार्थना, मग हजेरी. जिलबी खाल्ली तर बाकावर उभं करेल."

"लय कडक हाय का?"

"कडक? तिची आई परवडली!"

दोघं खो खो हसले. माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं, आणि मग राग असा चढला की विचारू नका. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. दुसऱ्या दिवशी फोन लागल्या लागल्या मी सुनावलं, "आप्पा, आजपासून मी तुम्हाला या म्हणणार नाही. तुमची मर्जी. पुन्हा विचारणार नाही."

आप्पा "बरं" म्हणाले.

पुढच्याच रविवारी मी नांदगावची गाडी पकडली आणि सोबत साधं बॅक कव्हर नेलं. पुढे झाकण नाही, भानगड नाही. आप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "जुन्याला काय झालं होतं?"

"फोन नीट बंद होत नाही त्यात," मी घड्याळाकडे बघत म्हटलं.

बटण कसं दाबायचं ते शिकवायला मी खुर्ची ओढून बसले. माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला. त्यांनी तो घेतला आणि चष्मा न लावता लाल बटण दाबून टाकलं. पहिल्या फटक्यात. शिकवावं लागलंच नाही. एवढ्यावरून तरी बाईंना काही कळायला हवं होतं. बाई म्हणाल्या, "शाब्बास, आप्पा!"

त्यानंतर फोन शिस्तीत कट व्हायला लागले. "बरंय. जेवलो. ठेवतो." टुक. आमच्या घरी वरण लागेनासं झालं आणि सगळे खूश झाले. मी मात्र ओट्यापाशी फोन हातात धरून उभी. आप्पा रबरी पायपुसण्यावर पाय ठेवतात की ते गुंडाळून ठेवलंय, गुडघा दुखतो का, काका येतात ना, मला काही म्हणता काही कळत नव्हतं. विचारलं तर उत्तर बरंय. आणि या म्हणायची सोय मीच बंद करून टाकलेली. शब्द मोडायचा तर नाक खाली होणार. ते नाक आप्पांकडूनच आलेलं, त्यामुळे चांगलंच लांब.

मग परवा शाळेतून येऊन कुकर चढवला आणि फोन केला. बरंय. जेवणार आहे. ढग आहेत. "ठेवतो," म्हणाले, आणि टप्प.

टुक नव्हे, टप्प. जुनं कव्हर!

मी श्वास रोखला. काकांचा आवाज नव्हता. चहाचं भांडंही वाजलं नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, अगदी फोनजवळ. मग आप्पा बोलायला लागले.

"कालच घातलं परत जुनं कव्हर. नव्यात काही बोलताच येत नाही."

मी कुणी आलंय का याचा अंदाज घेत होते. दुसऱ्या कुणाचीच चाहूल नव्हती.

"पुन्हा पडलो, बाई. या वेळी अंगणात. उठायलाच जमेना. हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत. बऱ्याच वेळाने भाऊ आले तेव्हा उठलो. लागलं नाही फार. पण तसं पडल्या पडल्या भीती वाटली मला. आता एकट्याला भीती वाटते."

मी ओट्याची कड धरली. तोंडावर हात होताच.

"तू विचारायचीस, मी नको म्हणायचो. तशी सवयच झाली होती. मला वाटायचं, विचारतेय ना, विचारत राहील. तर तू पोळ्यांचा डबाच उचलून आत नेलास. आता ताटावर बसलेल्या माणसाने काय मागून घ्यायची का?" त्यांनी घसा खाकरला. "म्हणून म्हटलं. उद्या परत एकदा विचार."

गालावरून पाणी वाहत होतं आणि मला नाक ओढायचीही चोरी.

"आणि आता गॅस बंद कर. शिट्ट्या किती झाल्या बघ. रोज वरण लावतेस, ते जावई गरीब म्हणून खातात."

आणि मग टुक. लाल बटण.

मी गॅस बंद केला. लागलं होतंच. आमचे हे आत आले, माझा चेहरा बघून घाबरले, "काय झालं? आप्पा ठीक आहेत ना?" मी नुसती मान हलवली आणि पदराने नाक पुसत राहिले. कंट्रोलच्या लाइनवर कान लावणारा ओळखायचे आप्पा, त्यांनी पहिल्या दिवसापासून मला ऐकलं होतं. मोरीतलं पडणं, जिलबी, चष्म्याची काडी, सगळं मला कळावं म्हणूनच काकांना सांगत होते. ते बाकावर उभं करायचंसुद्धा. आणि मी नांदगावची देवी!

दुसऱ्या दिवशी कुकर न चढवता फोन लावला.

"हॅलो. बोल."

"आप्पा," मी म्हटलं, "नाशिकला या ना राहायला." आवाज फुटला, पण विचारलं. मग थांबले नाही, पुन्हा विचारलं. "या ना, आप्पा." आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"बघू," ते म्हणाले. "ठेवतो."

टप्प. मी फोन कानालाच धरून ठेवला.

"भाऊ," आप्पांचा आवाज आला, जरा मोठ्यानेच, "जरा हात लावता का? माळ्यावरची ट्रंक खाली काढायचीय."