जाळीतलं भोक

बाबांचं कबुतरांशी हाडवैर. मुलुंडला पहिल्या मजल्यावर आमचं घर, आणि बाल्कनीत एवढे कपडे वाळत असायचे तरी कबुतरांचा नेम बसायचा तो बाबांच्या शर्टावरच. शेवटी त्यांनी बाल्कनीला जाळी लावून घेतली आणि खुर्ची टाकून तिच्याकडे कौतुकाने बघत बसले.

त्याच बाल्कनीत, जुन्या टीव्हीच्या खोक्यात, एका मांजरीने पिल्लं घातली होती. खालच्या दुकानाच्या पत्र्यावरून ती ये-जा करायची. जाळी लागायची होती त्या सकाळीच ती एक पिल्लू तोंडात धरून जाताना दिसली. थोड्या वेळाने दुसरं. "चला, बिऱ्हाड हललं," असं म्हणून बाबा खूश झाले. जाळीवाल्यांनी ड्रिल चालवलं, पण खोक्यातून हूं की चूं नाही. आम्ही कोणी आत वाकून बघितलंच नाही.

संध्याकाळी जाळीबाहेर मांजरी येऊन बसली आणि खालच्या आवाजात ओरडू लागली. लगेच खोक्यातून बारीकसं उत्तर आलं.

"अगं बाई, एक राहिलंय!" आई म्हणाली. "आई जवळ नसली की आवाज नाही करत ती. बोक्याला कळू नये म्हणून."

म्हणजे बिचारं दिवसभर जीव मुठीत धरून गप्प पडलं होतं. मांजरी जाळीला नखं लावत होती. मी म्हटलं, खाली नेऊन ठेवते. आई म्हणाली, "खाली कुत्री आहेत, वेडी आहेस का?"

बाबा उठले आणि कात्री घेऊन आले. "बाजूक हो गो," मला म्हणाले आणि नवीकोरी जाळी कोपऱ्यात कापली.

मांजरी आत आली. मानेची कातडी दातांत धरल्याबरोबर पिल्लाने पाय पोटाशी घेतले, शेपूट आत वळवली आणि अंग सैल सोडलं. दोघं भोकातून सहज निघून गेली.

"बघ, कसा गप ऱ्हवला," बाबा म्हणाले. "तुका उचलला की लाथा झाडायचंस."

त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. मला बाबांची एकदम माया आली.

दुसऱ्या दिवशी त्या भोकातून कबुतर आत आलं आणि बाबांच्या शर्टावर व्हायचं ते झालं. आई तार घेऊन भोक शिवायला निघाली, तर बाबांनी तिला अडवलं.

"ऱ्हवांदे गो. अजून एखादा मागे ऱ्हवला असात तर?"

खोकं त्यांनी आदल्या संध्याकाळीच स्वतःच्या हाताने उलटं करून बघितलं होतं.